एकदा सिझर, कायम सिझर?

ढोकी, तेर, येडशी या पट्ट्यात बाळंतपणाची खबर आली की पहिला प्रश्न, मुलगा का मुलगी? दुसरा, नॉर्मल का सिझर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांत साधारण एक सिझर होतं. त्यामुळे हा शब्द आता आज्यांच्याही तोंडी रुळलाय.

ज्यूलियस सीझर असा पोट कापून जन्मला, म्हणून हे नाव, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. ती पटणारी नाही. त्याची आई ऑरेलिया इ.स.पू. ५४ पर्यंत, म्हणजे मुलगा नामांकित सेनापती होईपर्यंत जगली. आणि त्या काळी पोट कापल्यावर बाई वाचणं जवळपास अशक्य होतं. शब्दाचं मूळ बहुधा लॅटिनमधल्या ‘कापणे’ या अर्थाच्या धातूत आहे. घोळ वाढवला तो रोमन लेखक प्लिनीने. सीझर घराण्याचा मूळपुरुष आईचं पोट कापून काढलेला, असं त्याने लिहून ठेवलं.

मुळात ही शस्त्रक्रिया मेलेल्या बाईवर करायची. गरोदर बाई दगावली तर मूल काढल्याशिवाय तिला पुरू नये, असा रोमचा जुना कायदा सांगतात. सुश्रुतसंहितेतही आई गेली आणि पोटात हालचाल दिसली, तर लगेच पोट फाडून मूल काढायला सांगितलंय. पुढे जिवंत बायकांवर प्रयोग झाले, पण कापलेलं गर्भाशय सहसा न शिवता तसंच सोडत. रक्तस्राव नाहीतर जंतुसंसर्ग, दोन्हींपैकी एक गाठायचंच. १८७६ मध्ये इटलीच्या पोर्रोने गर्भाशयच काढून टाकलं आणि बाई वाचवली. १८८२ मध्ये जर्मनीच्या मॅक्स झेंगरने चांदीच्या तारेने आणि रेशमाने गर्भाशय नीट शिवायची पद्धत मांडली. सिझरमधून आई धडधाकट घरी येऊ लागली, ती खरं तर तिथून पुढे.

‘एकदा सिझर म्हणजे कायम सिझर’ हे मात्र १९१६ चं, न्यूयॉर्कच्या डॉ. क्रेगिन यांचं विधान. तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत आणि तो पुढच्या कळांत उसवायची भीती मोठी. आता बहुधा खालच्या भागात आडवा छेद घेतात. तो जास्त टिकतो. त्यामुळे पुढच्या वेळी काही जणींना नॉर्मलचा प्रयत्न करता येतो, पण तो डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यातच. आतला छेद कसा होता हे पोटावरच्या व्रणावरून कळत नाही, ते डिस्चार्ज कार्डावरून कळतं. तेव्हा ते कार्ड रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा आणि पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीला घेऊन जा.