घरासाठी सौरवीज : आरंभी काय जाणून घ्यावे



घराच्या छपरावर सौरपॅनेल बसवावे काय, अशी विचारणा अलीकडे देवस्थानच्या कार्यालयात वरचेवर होते. त्यासंबंधीची प्राथमिक माहिती येथे एकत्र देत आहोत.

रामनगरचे विजेशी नाते जुने आहे. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे सुपा धरण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तेथील अनेक विस्थापित कुटुंबे येथे वसली. त्या धरणाच्या पायथ्याशी ५० मेगावॅटचे दोन संच आहेत. तरीही आषाढात तारेवर झाड कोसळले की धरणासाठी घरदार सोडलेल्यांनाच रात्र कंदिलावर काढावी लागते. त्यामुळे आपल्याकडे सौरविजेची ओढ बिलापेक्षा अंधारामुळे अधिक आहे, आणि नेमका येथेच मोठा गैरसमज होतो.

सौरयंत्रणेचे मुख्य प्रकार दोन. पहिली ग्रिडला जोडलेली. हीत पॅनेलची वीज इन्व्हर्टरमधून घरात येते, उरलेली हेस्कॉमच्या तारांत जाते आणि दुहेरी मोजणीचा मीटर दोन्हींचा हिशेब ठेवतो. हीत बॅटरी नसते. बाहेरची वीज गेली की ही यंत्रणाही तत्क्षणी बंद पडते, मग डोक्यावर कितीही लख्ख ऊन असो. हा दोष नव्हे. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या घरातील विजेचा धक्का बसू नये म्हणून केलेली ती योजना आहे. दुसरी यंत्रणा बॅटरीची. ती अंधारात उपयोगी पडते; मात्र बॅटरीचा खर्च येतो व काही वर्षांनी ती बदलावी लागते. दोन्हींचा मेळ घालणारे हायब्रिड इन्व्हर्टरही मिळतात, ते महाग असतात. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा : वीज गेल्यावर माझ्या घरात दिवा लागेल काय?

केंद्र सरकारच्या २०२४ मधील पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान ग्रिडला जोडलेल्या यंत्रणेस मिळते : १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट वा त्याहून अधिकास ७८,०००. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर करावयाचा, काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करवून घ्यावयाचे, आणि अनुदान काम पूर्ण झाल्यावर थेट आपल्या बँक खात्यात जमा होते. ‘अनुदान मंजूर करून देतो’ म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे.

आता हिशेब. ९ वॅटचे पाच दिवे पाच तास, ७० वॅटचे तीन पंखे आठ तास, दूरदर्शन संच चार तास आणि एक लहान फ्रीज, एवढ्याला दिवसाकाठी साधारण सव्वातीन युनिट, म्हणजे महिन्यास शंभराच्या आत वीज लागते. १ किलोवॅटची पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे ४ युनिट देतात व त्यांना शंभर चौरस फूट जागा लागते. म्हणजे वर्षाच्या सरासरीने अशा घराला १ किलोवॅट जवळजवळ पुरते. परंतु कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. जुन्या सरासरीवर दहा टक्के वाढ धरून, कमाल २०० युनिटांपर्यंत, बिल माफ होते. ज्या घराचे बिल आधीच शून्य येते, त्या घराने बिल वाचविण्यासाठी कर्ज काढून पॅनेल बसविण्यात आम्हांस अर्थ दिसत नाही. दुकान, पिठाची गिरणी वा मोठा वापर असलेले घर यांची गोष्ट वेगळी.

अशा शून्य बिलाच्या घराने केवळ रात्रीची सोय पाहावी. पाच एलईडी दिवे, ३० वॅटचे दोन बीएलडीसी पंखे आणि मोबाइलचे चार्जिंग पाच तास चालविण्यास सुमारे ६०० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी अर्धीच वापरली तरी ९०० देते. सोबत ३०० वॅटचे पॅनेल पुरे. जोयडा तालुक्यातील पावसाळी ढगांत मात्र त्याचे उत्पादन चतुर्थांशावर येणारे दिवसही असतात. म्हणून बॅटरी ग्रिडच्या विजेवरही भरेल असाच इन्व्हर्टर घ्यावा. छोट्या सौरसंचांची ही वाट कर्नाटकास नवी नाही. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या सेल्कोने असे संच खेडोपाडी नेले, आणि तिचे एक संस्थापक हरीश हांडे यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून घोषित झाली.

पॅनेलला ऊन हवे, उष्णता नको. तापल्यास उत्पादन उलट घटते. तोंड दक्षिणेकडे आणि उतार सुमारे पंधरा अंशांचा असावा. फणसाच्या एका फांदीची सावली पडली तरी त्या माळेतील सगळ्या पॅनेलचे उत्पादन खाली येऊ शकते. तेवढ्यासाठी फणस तोडू नये. अंगणात लोखंडी खांबावर पॅनेल उभारता येते. मंगळुरी कौलांवर सांगाडा ठेवू नये, तो खालच्या लाकडी वाशांना बांधावा. अन्यथा वानरांच्या उड्यांनी आधीच खिळखिळी झालेली कौले पहिल्या पावसातच गळू लागतील. वाशांना वाळवी लागली आहे काय, हे सुताराकडून आधी पाहून घ्यावे. आपल्याकडील वळवाच्या विजा पाहता अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर करू नये.

पॅनेलवरील धूळ महिन्यातून दोनदा, सकाळी लवकर, साध्या पाण्याने धुवावी. लेड-ॲसिड बॅटरीत शुद्ध जल घालण्याची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.