भूल उतरताना

शस्त्रक्रिया आटोपते, भुलीसाठी दिलेला नायट्रस ऑक्साइड बंद होतो. पण भूलतज्ज्ञ रुग्णाचा मास्क लगेच काढत नाहीत. आणखी काही मिनिटे निव्वळ ऑक्सिजन देत राहतात. भोवती हवा असताना ही काळजी कशासाठी? उत्तर वायूंच्या विसरणात आहे.

वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे पसरतो. अडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडलेल्या नियमाचा फुप्फुसापुरता अर्थ असा : पृष्ठभाग मोठा, पडदा पातळ आणि दोन बाजूंच्या दाबांत फरक अधिक, तर विसरण वेगवान. कोट्यवधी वायुकोशांमुळे फुप्फुसाला हा मोठा पृष्ठभाग मिळतो, आणि तिथला पडदा बहुतेक ठिकाणी एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. विश्रांतीच्या वेळी रक्त तिथून जेमतेम पाऊण सेकंदात पुढे सरकते. निरोगी माणसात ऑक्सिजनला तेवढा वेळ पुरून उरतो.

भुलीच्या वायूंनाही हा पडदा अडवत नाही. मग एकाची भूल पटकन चढते आणि दुसऱ्याची सावकाश, असे का? १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ज्या ईथरची भूल देऊन दाखवली, तो रक्तात भरपूर विरघळतो. म्हणून तो लवकर काम करील असे वाटते. घडते उलटे. मेंदूवरचा परिणाम रक्तातल्या वायूच्या एकूण साठ्यावर नव्हे, तर त्याच्या दाबावर ठरतो. एकाच धारेखाली हौद आणि कळशी ठेवली, तर कळशीतली पातळी आधी वर येते. ईथरसाठी रक्त हौदासारखे असते. समान दाबाला एक लिटर हवेत जेवढा ईथर मावतो, त्याच्या सुमारे बारापट एक लिटर रक्तात मावतो. नायट्रस ऑक्साइड मात्र निम्माच मावतो. म्हणून त्याचा दाब झटकन वाढतो.

वायू बंद केल्यावर हाच प्रवास उलटा होतो. नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात दिलेला असतो आणि तो रक्तातून वायुकोशांत लोटतो. हवेतला नायट्रोजन त्याच्या सुमारे तिसाव्या हिश्शानेच रक्तात विरघळत असल्याने तितक्या वेगाने आत शिरू शकत नाही. वायुकोशांत गर्दी होते आणि तिथला ऑक्सिजन विरळ पडतो. कार्बन डायऑक्साइडही विरळ झाल्याने श्वास घेण्याची प्रेरणा मंदावते. बी. आर. फिंक यांनी १९५५ मध्ये हा धोका दाखवून दिला. त्यावरचा उपाय म्हणजे ती काही मिनिटे ऑक्सिजन देणे.

हीच तफावत आणखी एका ठिकाणी नडते. छातीच्या पोकळीत हवा अडकून फुप्फुस दबले असेल, तर नायट्रस ऑक्साइड त्या हवेत भराभर शिरतो आणि तिथला नायट्रोजन तितक्या लवकर बाहेर पडत नाही. अडकलेली हवा फुगते, फुप्फुस आणखी दबते. अशा रुग्णाला म्हणूनच हा वायू देत नाहीत.