कानाच्या पडद्याला ठिगळ कशाचं?

कानाचा पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याला पडलेली लहान छिद्रं बऱ्याचदा आपोआप भरतात. न भरलेल्यांना शस्त्रक्रियेत ठिगळ लावतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत वुलस्टाइन आणि त्सॉलनर या शल्यचिकित्सकांनी त्यासाठी त्वचा वापरली. पण मध्यकर्णात त्वचा नांदत नाही: तिची सालं निघतात, ती सुजते, पुन्हा फाटते. मग काहींनी शिरेचा तुकडाही लावून पाहिला.

आज सर्वाधिक वापर होतो तो कानाच्या वरच्या बाजूला, कानशिलाच्या स्नायूवर असणाऱ्या पातळ आवरणाचा. ते शस्त्रक्रियेसाठी कानामागे घेतलेल्या छेदातूनच मिळतं आणि स्वतःचं असल्याने शरीर ते नाकारत नाही. शिवाय त्याला पोषण फार कमी लागतं, म्हणून रक्तपुरवठा सुरू होईपर्यंत ते तग धरतं. मांडवावर वेल चढावी तशी पडद्याची त्वचा त्यावरून सरकत छिद्र बुजवते.

मात्र नाक-कान जोडणारी नळी नीट चालत नसेल, तर हे आवरण आत ओढलं जाऊ शकतं. तिथे कानाच्याच कूर्चेची चकती अधिक टिकते. ती ताठ असल्याने ऐकू कमी येईल, ही भीती रास्त वाटते. पण चकती तासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ केली, तर सहसा फारसा फरक पडत नाही.