घाटात एसी कोमट, काटा लालवर : दोष गॅसचा की पंख्याच्या वायरिंगचा?

शहापूर सोडून खर्डीमार्गे कसाऱ्याकडे निघालेली मोटार सपाट रस्त्यावर थंडगार हवा देते. घाटात अवजड वाहनांच्या मागे रांगेत थांबली की तीच हवा कोमट होते आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागतो. मुरबाडहून टोकावडेमार्गे माळशेज घाट चढणाऱ्यांचा अनुभवही वेगळा नसतो. एप्रिल-मेमध्ये या दोन्ही तालुक्यांत पारा अनेकदा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर हा त्रास हमखास ठरलेला. अशा वेळी बरेच मोटारमालक पहिले काम करतात ते एसीत गॅस भरून घेण्याचे. वस्तुतः गॅस कमी असेल तर थंडावा धावत्या गाडीतही कमी पडतो. 'चालताना थंड, उभी राहिली की गरम' हे लक्षण रेडिएटरच्या पंख्याकडे बोट दाखवणारे आहे.

अॅम्बेसेडर किंवा पद्मिनीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून इंजिन आडवे बसवलेल्या छोट्या गाड्या रूढ झाल्या आणि पंखा विजेच्या मोटरवर गेला. एसी आला तसे या पंख्यावरचे ओझे वाढले. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. त्यातून निघालेली उष्णता घेऊनच हवा रेडिएटरवर येते. गाडी ताशी साठ-सत्तर किलोमीटरने धावत असेल तर वारा पुरेसा असतो. उभ्या गाडीत मात्र पंखा हाच एकमेव आधार. तो फिरला नाही तर कंडेन्सरमधील दाब चढतो, सुरक्षा-स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो आणि पाठोपाठ इंजिन तापते. त्यात पुन्हा जादा गॅस भरला, तर दाब आणखीच वाढतो. रोगापेक्षा उपाय भयंकर, तो असा.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. पण त्यामुळे पंख्याचा बिघाड झाकलाही जातो. बोगद्यातून सुसाट आलेल्या गाडीला काहीच जाणवत नाही. आमण्याला उतरून भिवंडीकडच्या कोंडीत अडकली की काटा चढतो.

पंख्याला चालवणारा विद्युतमार्ग फारसा गुंतागुंतीचा नाही. मोटरला साधारण दहा ते वीस अँपिअर प्रवाह लागतो. एवढा प्रवाह नाजूक स्विचमधून नेता येत नाही, म्हणून मध्ये रिले असतो. रिलेच्या तळाशी आकडे असतात : ३० वर बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी वायर, ८७ वर पंख्याकडे जाणारी, तर ८५ आणि ८६ ही आतल्या गुंडाळीची दोन टोके. गुंडाळीला हुकूम दोघांकडून येतो. इंजिनाचे पाणी तापले की थर्मोस्विचकडून आणि एसी सुरू केला की एसीच्या मार्गावरून.

तपासणीची सुरुवात मोटरपासून करावी. फ्यूज लावलेल्या जाड वायरने पंख्याला थेट बॅटरीचा पुरवठा दिला आणि तो फिरला, तर मोटर ठीक, दोष वायरिंगमध्ये. हलका ठोका दिल्यावरच फिरत असेल तर कार्बन ब्रश झिजले आहेत. नंतर फ्यूज, मग रिले. तशाच क्रमांकाचा हॉर्नचा रिले काढून लावून पाहिला की निम्मे कोडे सुटते. 'टक्' असा आवाज येतो पण पंखा फिरत नाही, तर रिलेचे संपर्कबिंदू जळालेले असतात किंवा ३० वर पुरवठाच नसतो. आवाजच नसेल तर गुंडाळीचा हुकूम किंवा अर्थ तुटला आहे. जुन्या गाडीत थर्मोस्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्यावर पंखा सुरू झाला, तर स्विच बदलावा. मात्र आधी कूलंटची पातळी पाहावी. पाणी खाली गेले असेल तर चांगला स्विचही हवेत लोंबकळतो आणि त्याला उष्णता कळत नाही. (मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत, उन्हाळ्यात वाटेवरच्या गावांकडे गाडीसाठी पाणी मागणे मात्र जिवावर येते.) अलीकडच्या गाड्यांत पंखा संगणकाच्या ताब्यात असतो. तेथे वायरी जोडण्याचे प्रयोग करू नयेत, स्कॅनर लावावा.

फसवणूक होते ती अर्थच्या वायरीत. भातखाचरांच्या पावसाळी मुलखात चिखलपाण्याने कनेक्टर हिरवे पडतात, उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. दोनच तारा शिल्लक असलेली वायरही मीटरवर बारा व्होल्ट दाखवते. म्हणून मोजणी पंखा जोडलेला आणि चालू असतानाच करावी. बॅटरीचे ऋण टोक आणि पंख्याची अर्थ यांत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर तो जोड खरवडून पुन्हा बसवावा लागतो.

बाहेरून एसी बसवून घेतलेल्या जुन्या गाड्यांत आणखी एक विचित्र दोष आढळतो. एसी बंद असताना, इंजिन तापताच कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतो! कॉम्प्रेसरच्या क्लचची वायर आणि थर्मोस्विचची वायर एकाच रिलेवर एकत्र बांधलेली असते, त्यामुळे एकाचा प्रवाह उलटा दुसऱ्याकडे जातो. दोन्हींसाठी स्वतंत्र रिले बसवणे किंवा प्रत्येक मार्गात डायोड घालणे, हा त्यावरचा इलाज.

या सगळ्या शोधाला फाटा देऊन 'पंखा डायरेक्ट करून देतो' असे सुचवले जाते. गाडी घरी पोहोचते, हे खरे. पण ती बारीक वायर बहुधा फ्यूजशिवाय इग्निशनवरून ओढलेली असते. पंख्याचा प्रवाह सतत वाहून इग्निशन स्विच तापतो, वायरीचे आवरण वितळते आणि बॉनेटखाली आग लागण्याची वाट मोकळी होते. तात्पुरती अशी जोडणी केलीच, तर बॅटरीजवळ तीस अँपिअरपर्यंतचा फ्यूज आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची वायर हवी.

घाटातच काटा लालवर गेला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा आणि जागा मिळताच गाडी बाजूला घ्यावी. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. किल्ली काढल्यानंतरही काही गाड्यांचा पंखा अचानक फिरतो, तेव्हा हात दूर ठेवावा. नवी मोटर बसवून घेतली असेल तर इंजिन थंड असताना, एसी लावून, पुढच्या जाळीसमोर कागद धरून पाहावा. तो जाळीला चिकटला पाहिजे; बाहेर फेकला गेला तर पंख्याच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत.