सव्वीस म्हणजे सव्वीस नव्हे

आमच्या गावापासून कॉलेज सात किलोमीटर. पहिला तास साडेसातचा आणि गावातून एस.टी. निघते साडेआठला. त्यामुळे १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.चे तिकीट अर्धे झाले, तरी मला त्याचा फायदा बाजाराच्या दिवशीच. माझी सगळी भिस्त सायकलवर. आठवीत असताना मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली ती सायकल. तेव्हा पाय जेमतेम टेकायचे. आता एस. वाय. बी. ए.ला आले तरी तीच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई म्हणते, "कॉलेजात तू नाही जात, तुझी सायकल जाते." ती हसत म्हणते, पण सायकल घरी उभी राहिली की मीही घरी राहते, हे काही खोटे नाही.

गेल्या दिवाळीनंतर मागचा टायर पार गेला. आतले सूत दिसू लागले. आईने खुरपणीच्या पैशांतून पाचशे रुपये काढून दिले. म्हणजे तिची दोन दिवसांची मजुरी. धाकट्या भावाला बरोबर घेऊन मी तालुक्याच्या एका मोठ्या दुकानात गेले. मोठे म्हणजे काचेचे दार, आत नव्या सायकली टांगलेल्या. दुकानाचे नाव लिहीत नाही. ते शेठ माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सायकल माझी, पैसे मी आणलेले, विचारत होते मात्र सातवीतल्या भावाला. "कितीची आहे रे?" त्याला काय ठाऊक! मीच म्हटले, "सव्वीसची." शेठनी आतल्या पोराला हाक मारली, "सव्वीस काढ." टायर तीनशे, ट्यूब दीडशे, बसवायचे तीस. बिल मागितले तर म्हणाले, "टायरचं कसलं बिल?" सुटे नव्हते म्हणून आईचे पाचशे भावाकडे ठेवले आणि त्याच्या हातातल्या घरच्या फोनवरून चारशे ऐंशी पाठवले. हे पुढे किती उपयोगी पडेल याची तेव्हा कल्पना नव्हती. टायर त्या पोराने नुसत्या हाताने रीमवर चढवला. पट्टीसुद्धा लावली नाही. मला वाटले, काय सफाईदार हात आहे!

त्या दिवसापासून सायकल चालताना मागून एक हेलकावा यायचा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला सीट थोडी वर, थोडी खाली. नवा टायर आहे, बसेल हळूहळू, अशी मी मनाची समजूत घातली. आठव्या दिवशी इतिहासाचा पेपर होता. गावाबाहेर तीन किलोमीटरवर बंदुकीसारखा आवाज झाला. उतरून पाहते तो टायर एका बाजूने रीमच्या बाहेर आणि ट्यूब फाटून लोंबते आहे. काटा नाही, खिळा नाही. राहिलेले चार किलोमीटर मी सायकल ढकलत, जमेल तिथे पळत गेले. पेपर सुरू होऊन पंचवीस मिनिटे झाली होती. आमच्याकडे अर्ध्या तासानंतर आत घेत नाहीत. शेवटचा प्रश्न राहिला. मराठा कालखंडावरचा होता आणि मला चांगला येत होता, हे अजून विसरता येत नाही.

संध्याकाळी सायकल एस.टी. स्टँडसमोरच्या लिंबाखाली नेली. तिथे एक म्हातारे चाचा बसतात. दुकान म्हणजे एक पेटी, पाण्याचे घमेले आणि हवेचा पंप. त्यांनी टायर हातात घेऊन फिरवला, मग पुढच्या चाकाजवळ वाकले, बोटाने धूळ पुसली आणि म्हणाले, "बेटा, वाच." पुढच्या टायरवर लिहिले होते २६ × १ १/२ आणि त्याखाली बारीक अक्षरांत ४०-५८४. नव्या टायरवर होते २६ × १ ३/८ आणि ३७-५९०.

येथे थोडे गणित आले, ते वाचकांनी सोसावे. मीही गणिताला घाबरूनच आर्ट्सला आले आहे. पहिल्यांदा पाहिले तर दोन्ही टायर सव्वीस इंची. दीड आणि एक पूर्णांक तीन अष्टमांश यांत फरक इंचाच्या आठव्या भागाचा. कोणीही म्हणेल, एवढ्याने काय होते? पण हे इंच म्हणजे जुन्या काळी हवा भरलेल्या चाकाची बाहेरून जी उंची होई तिचे नाव. टायरची तार रीमवर कुठे बसते ते या आकड्यातून कळतच नाही. ते कळते खालच्या बारीक आकड्यातून. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा तार बसते त्या गोलाचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. माझी रीम ५८४ची, टायर ५९०चा. सहा मिलिमीटर मोठा. पायाला पाच नंबरची चप्पल लागत असताना सहाची घालून पळावे, तशी गत. म्हणून तो नुसत्या हाताने चढला! आत हवेचा दाब आणि वर माझे ओझे. तार एका बाजूला सरकत गेली, टायर उचलला गेला, ट्यूब त्या फटीतून फुग्यासारखी बाहेर आली आणि फुटली. हेलकावा त्याचाच होता.

गंमत अशी की सव्वीसच्या नावाखाली एवढे दोनच टायर नाहीत. हल्लीच्या जाड टायरच्या सायकलींना २६ × १.७५ लिहिलेले असते, त्याचा आकडा ५५९. आणि वडीलधाऱ्यांची उंच काळी सायकल असते तिचा टायर २८ × १ १/२, आकडा ६३५. म्हणून दुकानात "सव्वीस द्या" म्हणणे म्हणजे कापडाच्या दुकानात "लाल द्या" म्हणण्यासारखे आहे. जुना टायर बरोबर न्यावा किंवा हा बारीक आकडा हातावर लिहून न्यावा. अर्थात गिऱ्हाइकाला हे ठाऊक असलेच पाहिजे असे माझे म्हणणे नाही. मी सव्वीस म्हटले ही माझी चूक. पण जुना टायर दुकानाच्या पोराच्याच हातात होता आणि त्यावर वाचणे हे तीस रुपये घेणाऱ्याचे काम होते.

त्या दिवसापासून रिकाम्या तासाला मी चाचांच्या पेटीजवळ जाऊन बसते. मैत्रिणी चिडवतात. पण पंक्चर काढण्यातही किती प्रकार असतात ते मला तिथे कळले. ट्यूबमध्ये हवा भरून घमेल्यात बुडवतात, बुडबुडे येतील तिथे खूण करतात, पुसून कोरडी करतात, खरखरीत कागदाने घासतात आणि सोल्युशन लावतात. इथे खरी कसोटी. सोल्युशन हाताला कोरडे लागेपर्यंत थांबायचे असते. घाईचा कारागीर ओल्यावरच ठिगळ दाबतो आणि ते चार दिवसांत सुटते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ट्यूब परत घालण्याआधी चाचा टायरच्या आतून सगळीकडे बोटे फिरवतात. बाभळीच्या काट्याचे टोक आतच मोडून राहिलेले असते. ते काढले नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पंक्चर. मागे एका ठिकाणी मी आठवड्यात तीनदा पंक्चरचे पैसे मोजले होते, त्याचे कारण मला तेव्हा कळले. काटा ट्यूबच्या आरपार गेला तर भोके दोन पडतात. म्हणून कोणी "दोन पंक्चर आहेत" म्हणाला की लगेच त्याला लबाड ठरवू नये. घमेल्यापाशी उभे राहून बुडबुडे स्वतः पाहावेत. चाचा तर गिऱ्हाइकाला मुद्दाम बोलावून दाखवतात. आणि पुष्कळदा पंक्चर नसतेच. व्हॉल्व्हवरची रबरी नळी कुजलेली असते. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावायची. बुडबुडा आला तर नुसती नळी बदलली की काम झाले.

एकदा एका मुलाने डावे पेडल काढायला म्हणून इतका जोर लावला की पाना निसटून बोटे सोलली. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. बाकीचे स्क्रू ज्या दिशेने आवळतो, त्या दिशेने ते सुटते. आटे सरळ असते तर पाय मारता मारता ते आपोआप ढिले झाले असते. चाचांनी आधी त्याच्या बोटाला पट्टी बांधली, मग हे सांगितले.

टायरची हकीकत मी आमच्या राज्यशास्त्राच्या सरांना सांगितली. ते म्हणाले, "तुम्ही ग्राहक आहात, हे आधी लक्षात घ्या." आमच्याकडे ग्राहक संरक्षण कायदा पाठापुरता वाचतात. २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो, कारण १९८६च्या कायद्याला त्या दिवशी राष्ट्रपतींची संमती मिळाली, हे मी परीक्षेत लिहिलेही होते. आता त्या जागी २०१९चा कायदा आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात माल विकून बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी मी लहानपणापासून कायदाच समजत होते! माझा टायर मात्र तसा सदोष नव्हता. तो दुसऱ्या चाकाचा होता. त्यावर सर म्हणाले, बसवायचे तीस रुपये घेतले ना? मग ती सेवा झाली, आणि सेवेत उणीव राहिली. तक्रार जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ या नंबरवर फोन करून विचारता येते.

बाविसाव्या दिवशी मी टायर घेऊन दुकानात गेले. या वेळी भावाला नेले नाही, त्याचा फोन तेवढा नेला. पाय लटपटत होते. शेठ म्हणाले, "आमच्याकडचाच कशावरून?" मी फोनवरचे चारशे ऐंशी रुपये आणि तारीख दाखवली. मग दोन्ही आकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते वाचले आणि आतल्या पोरावर ओरडले. ते मला आवडले नाही. त्या पोराला कोणी कधी शिकवले असेल? मी म्हटले, "काका, त्याला नका बोलू. टायर बदलून द्या आणि बिल द्या, नाहीतर मी १९१५ला विचारते." शेठ थोडा वेळ गप्प बसले. मग पोराने माळ्यावरून ५८४चा टायर काढला. बिलबुक खणाच्या तळाशी होते, पाने एकमेकांना चिकटलेली. शेठनी लिहिले, "टायर २६". मी म्हटले, पूर्ण आकडा लिहा. त्यांनी लिहिला, ४०-५८४.

टायर चाचांनी बसवला, पट्टी लावून, दम लागेपर्यंत. ट्यूबचे दीडशे रुपये मात्र शेठनी दिले नाहीत आणि मीही त्या दिवशी आणखी भांडले नाही. तीन वाजले होते आणि लायब्ररी चारला बंद होते.