वाकडात पाऊण कुठून आलं?

आमच्या वाकडच्या सोसायटीने मेंटेनन्सच्या पावत्या नव्या सॉफ्टवेअरवर घेतल्या आणि पहिल्याच पावतीवरून गाव गायब झालं. त्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए, चार शिंगांचं वर्तुळ, मायक्रोचं चिन्ह. पुन्हा तोच ए, तेच वर्तुळ आणि पाऊण. होय, आकड्यांतलं पाऊण. शेवटी एक उलटं उद्गारचिन्ह. जुन्या स्क्रीनवर तोच पत्ता अगदी स्वच्छ दिसत होता. निम्मी सोसायटी हिंजवडीत नोकरीला, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता: फॉन्ट बदला, ब्राउझर बदला, सॉफ्टवेअरवाला बदला.

खरं तर त्या कचऱ्यात वाकड जसंच्या तसं बसलेलं होतं. संगणक अक्षरं ठेवत नाही, आकडे ठेवतो. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा पट्टा आहे आणि यूटीएफ-८ या पद्धतीत त्यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘वाकड’मध्ये व, काना, क आणि ड अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. चौघांचेही पहिले दोन बाइट सारखेच, फरक फक्त तिसऱ्यात. आता हेच बारा बाइट पश्चिम युरोपच्या तक्त्याने एकेक करून वाचले, तर दर तिघांतले पहिले दोन म्हणजे तो तिरपा ए आणि वर्तुळ. तिसऱ्या जागी व चा मायक्रो होतो, काना पाऊण होतो, क ठळक ठिपका आणि ड उलटा उद्गार.

हा तक्ता आला कुठून? मायएसक्यूएल हा डेटाबेस स्वीडनमध्ये जन्मला. २०१८ साली आवृत्ती ८.० येईपर्यंत, वेगळं काही सांगितलं नाही तर तो लॅटिन-१ हाच तक्ता धरायचा आणि नावं स्वीडिश नियमाने लावायचा. म्हणजे आमच्या कुलकर्णी-काळोख्यांची यादी इतकी वर्षं स्वीडिश क्रमाने लागत होती!

जुनं सॉफ्टवेअरही लॅटिन-१ सांगूनच डेटाबेसशी बोलायचं. दोघांनी एकच खोटं धरलेलं, त्यामुळे बाइट न बदलता आत जायचे, न बदलता बाहेर यायचे. नव्याने इमानेइतबारे यूटीएफ-८ मागितलं. डेटाबेसने रकान्यावरचं लेबल खरं मानून एकेका बाइटचं भाषांतर करून दिलं आणि बिंग फुटलं. शिव्या मात्र खरं बोलणाऱ्यालाच बसल्या.

तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण डेटाबेसचंच काम करते. ती सेक्रेटरींना म्हणाली, “काका, आधी बॅकअप घ्या. आणि कुणालाही काही ‘कन्व्हर्ट’ करू देऊ नका.” तिने स्क्रीनकडे पाहिलंच नाही, साठवलेले बाइट हेक्समध्ये मागवले. ई०, ए४, बी५ दिसले: व जिवंत होता. चुकलं होतं ते फक्त लेबल. तेव्हा रकाना आधी निव्वळ बाइटचा करायचा, मग त्यावर यूटीएफ-८ लिहायचं. मधली पायरी गाळून थेट रूपांतर केलं, तर कचराच अधिकृतपणे साठवला जातो आणि तीन बाइटच्या व चे सहा होतात.

पावतीवरचा कचरा कॉपी करून दुरुस्त करू, असंही एकाने सुचवलं. ‘वाकड’ त्यातून सुटलं असतं, ‘म्हाळुंगे’ नाही. पाय मोडायच्या चिन्हाचा तिसरा बाइट विंडोजच्या पश्चिमी तक्त्यात रिकाम्या जागेवर पडतो. वाटेत तो हरवला की जोडाक्षर गेलं.

सगळं मात्र वाचलं नाही. रकान्याची मर्यादा तीस, आणि जोडचिन्ह धरून ‘पिंपरी-चिंचवड’चे बाइट सदतीस. दुरुस्तीनंतर तिथे ‘पिंपरी-चिं’ उरलं आणि पुढे काळ्या चौकटीतलं एक प्रश्नचिन्ह, कारण पुढच्या च चे दोनच बाइट आत शिरले होते. गावाचं नाव निदान अंदाजाने पुरं करता येतं. पण अकरा सभासदांनी नव्या स्क्रीनवरून आपलं नाव सुधारून घेतलं होतं. लॅटिन-१ मध्ये ती अक्षरंच नाहीत, म्हणून डेटाबेसने प्रत्येकाच्या जागी साधं प्रश्नचिन्ह ठेवून दिलं. हेक्समध्ये नुसती ३एफ, ३एफ, ३एफ अशी रांग. त्यातून काहीही परत येत नाही. ती अकरा नावं सेक्रेटरींनी आय नमुन्याच्या नोंदवहीतून पाहून पुन्हा टाइप केली.