सीताफळ आपलं, तर नावही आपलंच हवं



सीताफळ झाडावरून उतरलं की दोन-चार दिवसांत पिकतं. गर काढणाऱ्या, रबडी करणाऱ्या आपल्या गटांना गिऱ्हाईक हवं असतं ते याच दिवसांत. म्हणून आता गट वेबसाइट काढतात, गूगलवर, फेसबुकवर पैसे भरून जाहिरात देतात. आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर निरोप येतो, की तुमचं जाहिरातीचं खातं बंद केलं आहे. दाद मागून खातं उघडेपर्यंत फळ काही थांबत नाही. हे का होतं आणि कसं टाळायचं, ते आज सांगतो.

याचं एक कारण असतं साम्य. आपली वेबसाइट एखाद्या नावाजलेल्या ब्रँडसारखी दिसली, तर तपासणाऱ्याला वाटतं की ह्या बाया त्या कंपनीच्या नावावर माल खपवतायत. आपल्या मनात पाप नसतं. पण गावातल्या पोराला 'वेबसाइट कर' म्हणून सांगितलेलं असतं, अन् त्यानं इंटरनेटवरून तयार फोटो, रंग, कधी तर दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा उचललेला असतो.

गूगल इथं दोन गोष्टी वेगळ्या धरतं. दुसऱ्याचं नोंदवलेलं नाव आपल्या जाहिरातीत आलं आणि मालकानं तक्रार केली, तर ती जाहिरात अडवली जाते. असं पुन्हा पुन्हा झालं, तर खातं बंद करण्याआधी किमान ७ दिवस इशारा मिळतो. पण आपणच तो ब्रँड आहोत असं भासवलं किंवा नकली माल विकला, तर इशारा न देताच खातं बंद होतं.

साम्याचं भांडण वेबसाइटपुरतंच नसतं. २०२५ साली पुण्यात चितळे बंधूंच्या वतीनं पोलिसांत तक्रार झाली. मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्या एका दुकानाच्या बाकरवडीच्या पाकिटावर आपला ग्राहक सेवा क्रमांक आणि ई-मेल छापला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग आपण काय करायचं?

नाव ठरवण्याआधी शोध घ्या. केंद्र सरकारच्या आयपी इंडिया या वेबसाइटवर ट्रेडमार्क फुकट शोधता येतो. लिहिण्यात वेगळं पण कानाला सारखं लागणारं नावही बघा. नाव मोकळं असेल तर नोंदवा. एकटी व्यक्ती किंवा उद्यम नोंदणी असलेला लहान उद्योग ऑनलाइन अर्ज करत असेल, तर मालाच्या एका वर्गाला ४५०० रुपये सरकारी शुल्क आहे. नोंदणी १० वर्षं टिकते, पुढं वाढवता येते.

'बीड' हे नाव कुणा एकीचं नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं चिन्ह लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. म्हणून पाकिटावर गटाचं नाव मोठं लिहा आणि गावाचं नाव त्याखाली.

वेबसाइट सुरू करण्याआधी सगळ्याजणी मिळून ती वरपासून तळापर्यंत वाचा. फोटो आपल्याच गराचे, आपल्याच हातांचे असू द्या. गटाचं नाव, गाव, तालुका, चालू असलेला फोन नंबर लिहा. वेबसाइटवर, पाकिटावर, उद्यमच्या कागदावर आणि जाहिरातीच्या खात्यात नाव एकच हवं. एका ठिकाणी 'महिला गट' अन् दुसरीकडं 'फूड्स' असं झालं, की शंका येते.

एवढं करूनही खातं बंद झालं, तर घाबरून दुसऱ्या नंबरावरून नवं खातं काढू नका. ती पळवाट धरली जाते आणि नवं खातंही बंद होतं. आधी निरोपात कारण काय दिलंय ते वाचा. वेबसाइटमधलं साम्य काढा. मग उद्यमचं प्रमाणपत्र, अन्न परवाना आणि पाकिटाचा फोटो जोडून एकदाच नीट दाद मागा. काय बदललं, ते साध्या शब्दांत सांगा.

हे सगळं सीताफळाला डोळे फुटायच्या आत, पावसाळ्यातच उरकून घ्या. पुढच्या बैठकीत एकीच्या मोबाइलवर गटाची वेबसाइट उघडा आणि स्वतःलाच विचारा, हे बघून परक्या माणसाला आपण कोण, ते कळेल का?